जागा झाली की

शेवटी शिवणाचं मशीन ताईंकडेच राहिलं, कुत्रा हेडमास्तरांकडेच राहिला, आणि माझा मामा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला. तेसुद्धा शिंकून.

आता हे विसरून जा. यातलं काहीएक झालेलं नाही. मशीन जागचं हललेलं नाही, कुत्रा जिथे असायचा तिथेच आहे, आणि मामा नेहमीसारखा खरंच बोलतोय. झालंय ते एवढंच, की माझी मामी गेली. तेही घडलंच नाही असं समजायची सोय असती, तर मी सुरुवात तिथूनच केली असती.

लोक भेटायला येत होते. आमच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या. एकीवर मामा, दुसरीवर जो आधी येईल तो. बाकीचे उभे. उभ्या माणसाला फार वेळ दुःख करता येत नाही, गुडघे मध्ये बोलायला लागतात, त्यामुळे भेटी आटोपशीर व्हायच्या. सगळ्यांचं म्हणणं मात्र एकच होतं.

"बाई मनानं मोठी," हेडमास्तर म्हणाले. मला कळायला लागलं तेव्हापासून ते निवृत्तच आहेत, पण बोलतात अजून फळ्यासमोर उभं असल्यासारखे. "घर मात्र लहान पडायचं तिला."

"हो ना," शिवणकाम करणाऱ्या ताई डोळे पुसत म्हणाल्या. "वहिनी जीव लावायच्या हो. पण सामानाचा भारी सोस. घ्यायचं काय, आणि आमच्याकडे आणून टाकायचं काय. माझी एवढीशी खोली, त्यात ह्यांचं मशीन."

"मी तर तोंडावर बोललो होतो एकदा," रंगारी म्हणाला. "म्हटलं, वहिनी, माझं घर म्हणजे तुमचं गोदाम वाटलं का? तर हसल्या. म्हणे, नेते हो, जरा जागा झाली की."

सगळे ओल्या डोळ्यांनी हसले. प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकवलं गेलं होतं. मामा तेवढा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी भिंतीवरच्या खिळ्याकडे. त्या खिळ्यावर पूर्वी एक घड्याळ होतं. ते सध्या बसथांब्याजवळच्या चहावाल्याकडे 'ठेवायला' होतं.

आता मामीचं नीट सांगते, नाहीतर तुम्हीही या लोकांसारखेच व्हाल.

मामी घर सांभाळायची. मामा वीजखात्यात मीटर वाचायचा. दारोदार जायचं, मीटरमध्ये डोकावायचं, दिसेल तो आकडा लिहायचा. बायका चहा पाजायच्या, पुरुष खांद्यावर हात टाकायचे, पण मामाच्या हातून आकडा कधी इकडचा तिकडे झाला नाही. त्यामुळे त्याला मित्र कमी आणि नाव एकच पडलं: मीटरवाले. खोटं बोलणं त्याला वाईट वाटतं असं नाही, त्याला ते येतच नाही. काही लोकांना शिट्टी येत नाही ना, तसं.

आणि मामीला द्यायची खोड होती. सुरुवातीला ती सरळ द्यायची, जगात सगळे देतात तसं. ताई तेव्हा नवऱ्यामागे एकट्या पडल्या होत्या आणि हातानं कपडे शिवायच्या. मामीनं एक दिवस म्हटलं, "मी तुम्हाला मशीन घेऊन देते." ताई म्हणाल्या, "मी काय भिकेला लागलेय का?" आणि बोलणंच बंद केलं. रस्त्यात मामी दिसली की त्या दुसऱ्या बाजूला जायच्या. तो रस्ता अरुंद होता, दुसरी बाजू म्हणजे गटार होतं, तरी जायच्या.

मामी काही दिवस गप्प बसली. मग तिनं नवं कोरं मशीन विकत आणलं, मागच्या खोलीत नेलं, आणि आम्हा दोघांच्या हातात एकेक चमचा दिला.

"ओरबाडा," ती म्हणाली.

"काय?" मामा म्हणाला.

"ओरबाडा हो. नवीन दिसतंय."

मी तेव्हा शाळेत होते. माझे आईवडील नोकरीपायी गावोगाव फिरायचे, म्हणून मी कायम मामामामीकडे. दुसऱ्या मुलांना नवी वस्तू जपून वापरायला शिकवतात. मला ती चमच्यानं कशी म्हातारी करायची ते शिकवलं. विटेच्या तुकड्यानं कडा घासायच्या, चहाच्या पाण्याचं फडकं फिरवायचं, मग एका जागी थोडं तेल सांडून त्यावर धूळ बसू द्यायची. मामीचा हात यात फार सुरेख होता. शेवटी तिनं मशीनच्या छोट्या खणात वापरून संपत आलेलं दोऱ्याचं रीळ टाकलं, आणि मामाच्या अंगातल्या शर्टाचं एक बटण तोडून तेही टाकलं.

"अगं!" मामा म्हणाला.

"जुन्या मशीनमध्ये एखादं बटण असतंच," मामी म्हणाली.

मग मशीन हातगाडीवर घालून ती ताईंच्या दारात गेली. मामा गाडी ओढत होता, मी मागून ढकलत होते. तिनं मामाला आधीच बजावलं होतं, "तुम्ही बोलू नका. तुम्ही खरं बोलता."

"ताई," मामी म्हणाली, "राग बाजूला ठेवा, माझं एक काम करा. आमच्याकडे हे धूड पडून आहे. घरात पाय ठेवायला जागा नाही. तुमच्याकडे कोपरा असेल तर थोडे दिवस ठेवता का? फक्त रोज चालवावं लागेल हो. नाहीतर गंजतं."

ताईंनी मशीनकडे पाहिलं. "रोज?"

"रोज. त्रास आहे, मला कळतं."

"आणतं का कुणी अडगळ दुसऱ्याच्या घरात," ताई पुटपुटल्या. पण त्यांनी कोपरा झाडून दिला. त्या दिवसापासून त्या पुन्हा आमच्या बाजूनं चालायला लागल्या आणि मामीला टोमणे मारायला लागल्या. मामी खूश.

मी एकदा विचारलं, "लोक तुला नावं ठेवतात, चालतं तुला?"

"माणूस घेताना मान खाली घालतो गं," ती चमचा पुसत म्हणाली. "ठेवून घेताना कुरकुर करतो. मला कुरकुर चालते."

अशा रीतीनं मामीनं गावभर आमचा संसार 'ठेवायला' दिला. मामाच्या पगारात एक घर छान भरलं असतं. भरलंच. फक्त ते आमचं नव्हतं. शेजारच्या नर्सबाईंच्या अंगणात सावली नव्हती, तर त्यांना कुंडीतलं एक रोपटं दिलं: "आमच्याकडे ऊन पडत नाही, थोडे दिवस ठेवा." आमच्याकडे ऊन इतकं पडायचं की साबण वितळायचा. हेडमास्तरांची बायको गेली आणि ते घराबाहेर पडेनासे झाले, तेव्हा मामीनं कुठूनसा एक कुत्रा पैदा केला. "सर, हा आमचा. पण मला याच्या केसांनी शिंका येतात. दोनचार दिवस सांभाळा. फक्त सकाळ-संध्याकाळ फिरवावा लागतो." आणि सरांच्या पायरीवर उभं राहून ती इतकं सुंदर शिंकली, की सरांनी तिला आत बसवून पाणी दिलं. तो कुत्रा पुढे म्हातारा होऊन वारला. हेडमास्तरांना फार लागलं, मुख्यतः दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असताना बिघडली म्हणून. त्यांनी स्वतः शोधून तसाच दुसरा आणला आणि मामीला दाखवायला आले. "हा तुमचा." मामीनं लगेच शिंकून घेतलं. त्या कुत्र्याचं नाव तेव्हापासून 'दुसरा'.

हे सगळं टिकलं होतं एका दारावर. पुढच्या खोलीतून आत जायचं दार. मामीनं ते कधी कुणासमोर उघडलं नाही. "आत नका येऊ हो, अंगावर काहीतरी पडेल," म्हणायची. गावाला वाटायचं, आतल्या तीन खोल्या छतापर्यंत भरल्यात.

तर त्या दिवशी, लोक उभ्यानं दुःख करत असताना, रंगाऱ्याला तहान लागली. मी चहा ओतत होते. तो म्हणाला, "बस तू, मी घेतो पाणी." आणि गेला. दार उघडून गेला. तितक्या साध्या रीतीनं मामीच्या आयुष्यभराच्या कामाला तडा गेला.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातातला पेला रिकामाच होता.

"भाऊ," तो म्हणाला. "आत काही नाही."

"पाणी माठात आहे," मी म्हणाले.

"पाणी नाही गं. आत काहीच नाही."

सगळे आत गेले. हेडमास्तरांनी हात पाठीमागे बांधून तिन्ही खोल्या तपासल्या. एका खोलीत माझी गादी, एका खोलीत मामामामीची, आणि स्वयंपाकघरात शेगडी, माठ आणि मोजकी भांडी. बाकी फरशी. इतकी रिकामी, की हेडमास्तर खोकले तर खोकला परत आला.

आता कुणी विचारलं असतं, "मीटरवाले, हे काय?" तर मामानं सगळं सांगून टाकलं असतं. त्याचं तोंड उघडलंही होतं. पण मामा फक्त विचारल्यावर बोलतो, आणि कुणी विचारलंच नाही. दुःखाच्या घरात प्रश्न विचारू नयेत एवढी अक्कल सगळ्यांना होती. त्याऐवजी त्यांनी स्वतःच उत्तर काढलं.

"काढून टाकलं सगळं," हेडमास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "आठवण नको म्हणून. माणूस करतो असं."

ताईंनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे शेवटी जागा झाली हो. आणि बघायला वहिनी नाहीत."

मग रंगारी जे बोलला ते ऐकून माझ्या हातातली किटली कलंडली.

"मग आता त्यांचं सामान त्यांना परत द्यायला पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी प्रामाणिक माणसं एका गावात राहू देऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन आलं. ताईंनी ते पुसून लखलखीत केलं होतं, आमच्या सगळ्या ओरखड्यांसकट. त्यांनी कमरेला खोचलेली कागदाची पुडी काढून मामाच्या हातावर ठेवली.

"हे तुमचं बटण. खणात होतं. मी कधी हात लावला नाही."

मामा बटणाकडे बघत राहिला. "मशीन नसलं तर तुम्ही शिवणार कशावर?" त्यानं विचारलं.

"हात आहेत की," ताई म्हणाल्या. "आणि भाऊ, खरं सांगू? सुटले. दिवसातून वीसदा वळसा घालून जावं लागायचं त्या मशीनला." आणि जाताना दारातून एकदा मागे वळून मशीनकडे पाहिलं. ज्याला सुटका झाल्यासारखं वाटतं, तो असं पाहत नाही.

मग रंगाऱ्यानं शिडी आणली. ती आमच्या पुढच्या खोलीपेक्षा लांब होती, त्यामुळे एक टोक स्वयंपाकघरात आणि दुसरं रस्त्यावर. खुर्च्या आल्या, पंखे आले, कपाट आलं. एक पाळणा आला. तो घेऊन येणारा त्याच पाळण्यात वाढला होता आणि आता त्याला मिशी होती. एक दार आलं. ज्या घराचं ते होतं त्या घराला आता दार नव्हतं, पण नीतिमत्ता होती. नर्सबाई रिकाम्या हातानं आल्या आणि कुंपणापलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते झाड कधी नेताय? कौलांच्या वर गेलंय." मामानं झाडाकडे मान वर करून पाहिलं. "बघतो," तो म्हणाला. आणि बराच वेळ बघतही होता.

शेवटी हेडमास्तर आले. दुसरा त्यांच्या बरोबर, साखळीला.

"मीटरवाले, तुमचा कुत्रा." त्यांनी आवाज अगदी सपाट ठेवला होता. "सकाळी लवकर फिरायची सवय आहे. विजांना घाबरतो. तेव्हा त्याच्याशी बोलावं लागतं. विषय कुठलाही चालतो, मी इतिहास घ्यायचो."

त्यांनी पट्ट्यातून साखळी सोडवली. साखळी मात्र द्यायला विसरले, ती हातातच घेऊन गेले. दुसरा कपाट आणि पाळण्याच्या मधल्या फटीत बसला, तोंड रस्त्याकडे.

मामा निवृत्त झाला तरी रोज फिरायला मीटर वाचायच्या जुन्या वाटेनंच जातो. आता त्या वाटेवर काय दिसायचं? ताई पायरीवर बसून, डोळ्यांजवळ कापड धरून हातानं टीप घालतायत, आणि गिऱ्हाईक म्हणतंय, "राहू द्या ताई, लग्नाला अवकाश कुठाय, मी बाजारातून तयार घेते." रंगारी पिंपावर पिंप चढवून छत रंगवतोय. आणि सकाळच्या वेळी हेडमास्तर, सुती टोपी घालून, हातात मोकळी साखळी घेऊन फिरतायत. तिकडच्या कोपऱ्यापर्यंत. खांबापाशी थोडं थांबायचं, जितका वेळ दुसरा थांबायचा तितकं. मग परत. आणि त्यानंतर एकदोन दिवसांनी तेही दिसेनासे झाले.

"त्यांची खिडकी बंद होती," मामा मला म्हणाला. "तिनं कुत्रा दिला त्याच्या आधी असायची तशी."

तो शिडीवरून पाय टाकून आत आला आणि बसायला जागा नाही म्हणून पाळण्याला टेकला. पाळणा हलला, मामाही हलला.

"तिचं सगळं उलटं होत चाललंय," तो म्हणाला. "मला ते थांबवायचंय. आणि मला येतं ते एकच."

म्हणून मामानं त्याला येतं ते केलं. तो रंगाऱ्याकडे गेला आणि खरं बोलला. मी सोबत होते, मध्ये पडायला उशीर झाला.

"शिडी तुझीच आहे," मामा म्हणाला. "तिनं तुझ्यासाठीच विकत आणली होती. ठेवायला वगैरे काही नाही. नवीन होती. आम्ही चमच्यानं ओरबाडली."

रंगारी पिंपावरून सावकाश खाली उतरला. "म्हणजे मला दान केली?"

"हो," मामा म्हणाला.

"इतकी वर्षं मी वहिनींवर उपकार करतोय असं समजून चारचौघांत त्यांना बोललो, आणि त्या मनात म्हणत असतील, बिचारा?"

"असं ती कधी म्हणाली नाही."

"तुम्ही जा भाऊ," रंगारी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. संध्याकाळी त्यानं एक ब्रश आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवला. तो मामीनं दिला होता की नाही हे त्यालाही नक्की आठवत नव्हतं, पण आता त्याला धोका पत्करायचा नव्हता.

"खरं चालत नाही," मामा मला म्हणाला. एखादं मीटर बंद पडल्यावर तो जसं म्हणायचा तसंच.

मग त्यानं डोकं लढवलं. बटण घेऊन, शर्ट घेऊन, ताईंकडे गेला. बेत असा: ताई म्हणतील, हे लावायला मशीन लागेल, मामा म्हणेल, मग मशीन घेऊन जा. मामाच्या मानानं हा कट होता. त्याला रस्त्यात घाम फुटला.

"एवढं बटण लावून द्याल का?"

"द्या," ताई म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवला.

"मशीन लागेल ना?"

"भाऊ, बटणाला कसलं मशीन?" ताईंनी दातानं दोरा तोडला. "हे घ्या. झालं."

मामा बटण लावलेला शर्ट घालून घरी आला. इतका हरलेला माणूस इतक्या नीटनेटक्या शर्टात मी पाहिला नव्हता.

दारात शिडी ओलांडताना त्याचा पाय अडकला, तो पंख्यावर गेला, पंखा खुर्च्यांवर, आणि सगळं शांत झालं तेव्हा मामा मशीन आणि आणलेल्या दाराच्या मध्ये बसलेला होता. दुसऱ्यानं फक्त एक कान वर केला.

"मामा," मी म्हणाले, "लागलं का?"

"नाही."

"मामा, एक विचारू? या घरात आता जागा आहे का?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. उगाच नाही, नीट पाहिलं. डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत, मग छत, मग माझ्याकडे. मी त्याला मीटरपुढे उभं असताना पाहिलंय. तो अगदी तसाच झाला.

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही."

"हे खरं आहे?"

"खरं आहे."

"मग जा आणि सांग."

मी त्याला इतक्या भरभर चालताना कधी पाहिलं नव्हतं. ताईंच्या दारात पोहोचेपर्यंत त्यानं वाक्य मनात बसवलं होतं, पण तोंडातून निघालं ते मामीचं.

"ताई, घरात पाय ठेवायला जागा नाही. ते मशीन थोडे दिवस ठेवता का?"

ताईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. "भाऊ, तुम्हीपण सुरू केलंत?"

"येऊन बघा."

ताई येऊन बघून गेल्या. शिडीवर अडखळल्या, त्यामुळे खात्री पटली. "वहिनींची गोष्ट वेगळी होती," त्या पायरीवर उभ्या राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "त्यांच्या शब्दाखातर केलं. आता तुमच्यासाठीपण करायचं म्हणजे फार झालं. आणि रोज चालवायचं का हे?"

"रोज," मामा म्हणाला. "नाहीतर गंजतं."

त्यांनी मशीन हातगाडीवर चढवलं तेव्हा ते आमच्या कुणाच्या हातून घसरू नये म्हणून त्यांनी स्वतःचा पदर त्याच्याखाली घातला. तोंडानं मात्र कोपऱ्यापर्यंत कुरकुरत गेल्या. मामा त्या कुरकुरीच्या मागे डोळे मिटून उभा होता.

त्यानंतर दार गेलं, पंखे गेले, पाळणा मिशीवाल्यानं नेला. त्याच्या घरी आता नवीन गरज निर्माण झाली होती म्हणे. रंगारी स्वतःच आला. रस्त्यावर आलेल्या शिडीच्या टोकाला त्याची सायकल अडली होती.

"हे काय भाऊ, वाटेत?"

"जागा नाही," मामा म्हणाला.

रंगारी शिडीकडे बघत राहिला. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही ते... चमचा वगैरे... दुःखात बोललात तर."

मामानं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. पण ती गरज नव्हती. रंगाऱ्यानं प्रश्न विचारलाच नव्हता, त्याला उत्तर आधीच सापडलं होतं.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "दुःखात माणूस काहीही बोलतो. मी पण उगाच मनाला लावून घेतलं." आणि शिडी खांद्यावर टाकून तो गेला. दोन घरं सोडून पुढे गेल्यावर त्याचा आवाज आला, "गोदामच समजतात मला!" आवाज आनंदी होता.

आता एक अडचण तुमच्या लक्षात आली असेल. मामाच्या उशिरा आली. प्रत्येक वस्तू गेली की घरात जागा होत होती. म्हणजे पहिल्यांदा तो जे सांगत होता ते पूर्ण खरं होतं, मग बरंचसं खरं, मग थोडंसं. शेवटी कपाटही गेलं, आणि मोकळ्या फरशीवर मधोमध एकटा दुसरा उरला.

"आता जागा आहे," मामा म्हणाला.

"आहे," मी म्हणाले. "भरपूर."

दोघं दुसऱ्याकडे बघत बसलो. तो रस्त्याकडे बघत होता.

सकाळी मामानं त्याला दोरीनं बांधून हेडमास्तरांकडे नेलं. खिडकी बंदच होती. बराच वेळ दार वाजवल्यावर हेडमास्तर आले, दाढी वाढलेली, सदरा उलटा. कुत्रा दिसताच त्यांचा हात पुढे आला, आणि मग त्यांना आठवलं की तो आपला नाही, आणि हात मागे गेला.

"काय मीटरवाले? काही त्रास देतो का?"

मामानं श्वास घेतला. मला माहीत होतं तो काय करणार आहे, कारण त्यानं रस्ताभर काही केलं नव्हतं, फक्त नाक चोळलं होतं. त्याचे कान तांबडे झाले. ओठ थरथरले. मग तो शिंकला.

शिंक म्हणजे काय हे त्याला माहीत होतं, पण ती कुठून निघते याचा त्याचा अंदाज चुकला. "आ-च्छी" असं त्यानं चक्क उच्चारलं, वाचून दाखवल्यासारखं. मग अजून एकदा, शेवटी पूर्णविराम असल्यासारखं.

"मला," मामा म्हणाला, "याच्या केसांनी शिंका येतात."

दुसऱ्यानं मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं.

हेडमास्तरांनी आयुष्यभर मुलांच्या खोट्या पोटदुख्या ओळखल्या होत्या. ते मामाकडे बघत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं आता छडी मागतील. त्यांनी एकदा कुत्र्याकडे पाहिलं, एकदा मामाच्या नीट लावलेल्या बटणाकडे, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूच बसलं, खाली बसणाऱ्या गाळासारखं. मामीची पहिली शिंक त्यांना आठवली असावी. किंवा तीसुद्धा त्यांनी तेव्हाच ओळखली असावी. हे मी विचारलं नाही.

"बाईंनाही यायच्या," ते शेवटी म्हणाले. "घराण्यातच दिसतात."

"हो," मामा म्हणाला.

"तब्येतीशी खेळ नको. आत या, पाणी घ्या." दाराच्या मागच्या खिळ्यावर साखळी होती. ती त्यांनी काढली, आणि खिडकी उघडली.

परत येताना मामा नाक चोळत होता. "कसं वाटलं?" मी विचारलं.

"नाक दुखतंय," तो म्हणाला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ती हे किती वर्षं करत होती."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण काल ताई आमची उसवलेली उशी शिवून द्यायला आल्या, आणि आतलं दार किंचित उघडं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, आत मोकळं मोकळं दिसतंय की. जागा झाली वाटतं?" मामा दोनदा शिंकला. ताईंना मशीनचा आणि शिंकांचा संबंध लागला नाही, आणि त्या संशयानंच गेल्या.

मी नगरपालिकेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते. लोकांना अर्ज टाइप करून देते. मामा आज तिथे रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर म्हणाला, "एक अर्ज टाइप करायचाय. खोटं काही लिहायचं नाही." मी म्हटलं, सांग. त्यानं सांगितला तो असा:

प्रति,
मा. मुख्याधिकारी, नगरपालिका.

विषय: राहत्या घरात जागा शिल्लक नसल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, आपले कर्मचारी पाहणीस आल्यास त्यांना माझ्या घराच्या आतील खोल्या रिकाम्या दिसतील. तसे दिसणे बरोबर आहे. तथापि सदर खोल्या माझ्या पत्नीने तिच्या हयातीत स्वतःच्या कामासाठी रिकाम्या ठेवल्या होत्या, ते काम अद्याप चालू आहे, व त्यासाठी त्या पूर्णपणे लागतात. कुंपणापलीकडील झाड आहे तेथेच राहील.

तरी सदर घरात कोणतीही वस्तू, प्राणी अथवा वृक्ष परत ठेवून घेण्यास जागा नाही, व यापुढे कधीही होणार नाही, असा कायमस्वरूपी दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी मिळावा, व त्याची एक प्रत गावातील प्रत्येक घरी लावण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.